जेठजींची शिफ्ट

इथल्या, जयपूरच्या, मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसाद हातात पडला, की कुणी ना कुणी मला विचारायचंच, "तुम्ही नक्की करता काय हो?" बँकेतल्या माणसाची बायको म्हणजे शिकवण्या घेईल, फार तर शाळेत लागेल, असा सगळ्यांचा हिशेब. मी म्हणायची, "मी लोकांनी कामावर कधी यायचं ते ठरवते." यावर समोरचा एकदम जपून बोलायला लागायचा. माझी मुलगी तेव्हा लहान होती. तिने शाळेत सांगितलं होतं, "मेरी आई फॅक्टरियों की टीचर है, मतलब टाइमटेबल बनाती है." इतकं सोपं मला स्वतःला कधी सांगता आलं नाही.

काम तसं सोपंच. कारखान्याच्या दारावर एक यंत्र असतं. कामगार त्यात कार्ड घालतो आणि यंत्र त्याची यायची वेळ टिपून ठेवतं. पण तो वेळेवर आला की उशिरा, हे त्या यंत्राला काय डोंबल कळणार? त्यासाठी तो कधी यायला *हवा होता* हे आधी कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. पहिली शिफ्ट कुणाची, दुसरी कुणाची, आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी, सणाची कुठली, आठवड्याने कोणी कोणाशी अदलाबदल करायची. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं आणि मग कुठे कशाचा मेळ बसत नाही ते शोधत बसायचं. दोन हजार सालानंतर जयपुरात ही सॉफ्टवेअरं विकणाऱ्यांचं पेव फुटलं होतं. त्यातल्याच एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होते. दुर्गापुऱ्याहून स्कूटर काढायची, टोंक रोडने सरळ सीतापुरा गाठायचं आणि दिवसभर लोकांच्या सुट्ट्या ठरवायच्या. माझी स्वतःची सुट्टी मात्र नवऱ्याच्या बँकेच्या सुट्टीला धरून. पण तो विषय वेगळा आहे आणि त्यावर मी घरी पुरेसं बोललेली आहे.

आमचं सॉफ्टवेअर बाहेरच्या देशात तयार झालेलं होतं. त्याच्या डोक्यात आठवडा सात दिवसांचा आणि त्यात एक रविवार, एवढं पक्कं बसलेलं. पहिलंच गिऱ्हाईक मिळालं ते संगमरवरी मूर्ती घडवणारं. मालक म्हणाले, "हमारे यहाँ छुट्टी अमावस की होती है." कारागीर अमावस्येला छिन्नी हातात धरत नाहीत, बाकी सगळे वार त्यांना सारखे. मी म्हटलं, सॉफ्टवेअरला वार कळतात, चंद्र कळत नाही. ते शांतपणे म्हणाले, "तो सिखा दीजिए." आता चंद्र शिकवायचा कसा? मी स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवरून वर्षभराच्या अमावस्या काढून सुट्ट्या म्हणून भरून टाकल्या. पहिले काही महिने निभावले. मग एक अमावस्या अशी आली, की माझ्या कॅलेंडरने ती आदल्या दिवशी दाखवली आणि तिथल्या पंडितजींनी दुसऱ्या दिवशी धरली. सॉफ्टवेअरने अख्ख्या कारखान्याला गैरहजर लावलं आणि आदल्या दिवशी निमूटपणे कामावर आलेल्या सगळ्यांना जादा काम केल्याचं बक्षीस दिलं. मालकांचा फोन आला. रागावले नाहीत. "मैडमजी, आपका चाँद एक दिन जल्दी है," एवढंच म्हणाले.

संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर असतं, पतंग आणि मांजा घेऊन. एका कारखान्याच्या साहेबांनी हट्टाने त्या दिवशी सुट्टी ठेवली नाही. कार्डं सगळ्यांनी घातली. हजेरी पूर्ण. मी सहज शेडमध्ये डोकावले तर आत कुत्रं नाही आणि वरून पत्र्यावर धावपळीचा आवाज. साहेबांना रिपोर्ट दाखवला. शंभर टक्के हजेरी. साहेब खूश झाले. मीही खूश झाले. ज्याला जे हवं ते मिळालं होतं, मग उगाच वर बघायला कोण जातंय.

पण मला सांगायचंय ते मंजूचं.

सीतापुऱ्यात कपडे शिवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता. कुर्ते, स्कर्ट, लहान मुलींचे फ्रॉक. माल वाढला म्हणून त्यांनी दोन शिफ्ट सुरू केल्या आणि त्यासाठी आमचं सॉफ्टवेअर घेतलं. तिथले एचआर मॅनेजर भार्गवसाहेब जयपुरातल्याच सोडाल्याचे. बोलायला गोड, पोटात काही नाही, पण एकदा एखादी कल्पना डोक्यात शिरली की कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यांची कल्पना अशी, की एका बसमधून येणारे सगळे एकाच शिफ्टला टाकायचे. म्हणजे चाकसूच्या बाजूच्या गावांची बस एकदाच आणायची, एकदाच न्यायची. डिझेल वाचतं, उशीर टळतो. मला ती कल्पना एकदम पटली. सॉफ्टवेअरलाही पटली. एका दुपारी बसून आम्ही सगळ्यांना बसप्रमाणे वाटून टाकलं आणि वर कचोऱ्या मागवल्या.

मंजू त्या चाकसूच्या बसमधली. शिलाईच्या शेडमध्ये नवीन लागलेली, शिकाऊ. सहा महिने बघायचं आणि काम बसलं तर कायम करायचं, नाहीतर राम राम. शिकताना तिचा हात इतका चालायचा, की शिकवणारी बाई दुसऱ्या मुलींना तिच्याकडे बघायला लावायची. आणि नव्या शिफ्ट सुरू झाल्यावर महिन्याभरात, कोणी किती नग शिवले याच्या आमच्या सॉफ्टवेअरमधल्या यादीत, तिचं नाव सगळ्यात खाली. गोगलगाय बरी. भार्गवसाहेबांनी मला रिपोर्ट दाखवला. "देखिए, शुरू में सब अच्छा करती हैं, फिर ढीली पड़ जाती हैं. इसको नहीं रखेंगे." मला काही ते पटेना. सॉफ्टवेअरचा आकडा चुकला असेल अशी मला धास्ती. आकडा चुकला की शिव्या मलाच बसायच्या. म्हणून मी स्वतः शेडमध्ये गेले.

गेले तर मंजू ओढणी हनुवटीपर्यंत ओढून मशीनवर बसलेली. अख्खा चेहरा झाकलेला. कापड बघायचं तर मान सुईपर्यंत खाली घालावी लागत होती. एक टीप मारायची, थांबायचं, ओढणीच्या काठाखालून बघायचं, पुन्हा एक टीप. आजूबाजूच्या बायका तोंड उघडं ठेवून गप्पा मारत धडाधड शिवत होत्या. मला वाटलं डोळे आले असतील. विचारलं तर मान हलवली, नाही. मग शेजारच्या मशीनवरची शांती माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "जेठजी हैं."

"कुठे?"

शांतीने हनुवटीने दाखवलं. ओळीच्या टोकाला टेबलाशी चेकर उभा होता, शिवून आलेले कपडे तपासत. रामकिशन. पांढऱ्या मिशांचा, कारखान्यात जुना माणूस. आधी पॅकिंगच्या शेडमध्ये होता, नुकतीच चेकर म्हणून बढती मिळालेली. मंजूच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. एकाच घरात राहणारे, एकाच बसने येणारे, म्हणून आमच्या कृपेने एकाच शिफ्टला आणि एकाच ओळीवर.

आपल्याकडे थोरल्या दिरापुढे डोक्यावर पदर घेतला की भागलं. इथे भावजयीचं तोंड जेठाने कधी बघायचं नाही. लग्न होऊन घरात मूल झालेलं, तरी रामकिशनने मंजूचा चेहरा पाहिलेला नव्हता. ती त्याच्याशी बोलत नाही, त्याचं नाव घेत नाही, तो असेल त्या खोलीत खाटेवर बसत नाही. घरी हे जमतं, कारण घरी तो अंगणात आणि ती चुलीशी. आम्ही त्यांना दिवसभर समोरासमोर उभं केलं आणि वर तिने पटापट शिवावं अशी अपेक्षा धरली.

हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा मी शहाणी, शांतीला विचारलं, "त्रास देतो का तो हिला?" शांतीने कानाला हात लावले. "राम राम, मैडमजी, देवता आदमी हैं." आणि ओढणीच्या आतून मंजू इतकी जोरात मान हलवायला लागली की मशीनचा दोरा तुटला.

कायम झाली नाही तर काय, हे मी जेवणाच्या सुट्टीत मंजूकडून काढून घेतलं. रामकिशन बाहेर बिडी ओढायला गेला होता. ओढणी वर होती. गोल चेहरा, गालावर कांजिण्यांचे वण, बोलायला एकदम फटकळ. नवरा लोडिंग टेम्पो चालवतो, कधी घरी, कधी नाही. मुलगी चाकसूच्या इंग्रजी शाळेत, पहिलीत. तिची फी मंजूच्या पगारातून जाते म्हणून सासू गप्प आहे. "नौकरी गई तो मैं गाँव में भैंस के साथ और छोरी मेरे साथ. फिर कौन सा स्कूल." ती हे रडत वगैरे सांगत नव्हती. भाकरी तोडत सांगत होती.

मी भार्गवसाहेबांकडे गेले. साहेब जयपूरचेच, त्यांना हे ठाऊक नसेल असं नव्हे. पण कॉन्व्हेंटात शिकलेला माणूस, म्हणाले, "अरे, ये सब अब कहाँ चलता है." म्हटलं, तुमच्या शेडमध्ये चालतंय, येऊन बघा. ते आले, बघितलं आणि शरमले. मग विचार सुरू झाला. रामकिशनला दुसऱ्या शिफ्टला टाकायचा, तर त्याची बस नाही. मंजूला टाकायची, तर तिचीही नाही, आणि एकट्या बाईला रात्री टोंक रोडवर उतरू कोण देणार. दुसऱ्या ओळीवर न्यायची, तर त्या ओळीचं काम तिला यायचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती, 'अमक्याला तमक्याच्या जवळ ठेवू नये' अशी. पण ती भांडणं आणि तक्रारींसाठी. कारण भरल्याशिवाय पुढे सरकत नव्हतं आणि कारणं त्याची त्याने ठरवलेली. मारामारी, तक्रार, चोरीचा संशय, असली. नाती त्याला कळायची, पण इंग्रजी नाती. जेठ काय, दीर काय, मेव्हणा काय, नणंदेचा नवरा काय, सगळे एकाच नावाचे. ज्याच्यासमोर तोंड झाकायचं आणि ज्याची होळीला थट्टा करायची, दोघे त्याला एकच.

भार्गवसाहेबांनी 'तक्रार' निवडलं. मी म्हटलं, "सर, हे भरलं की याची एक प्रत आपोआप कारखान्याच्या दिल्लीच्या ऑफिसला जाते." ते म्हणाले, "जाने दो, वहाँ कौन पढ़ता है."

दिल्लीत वाचणारी होती. मिस कपूर नावाच्या बाई पुढच्याच आठवड्यात आल्या. तरुण, हुशार, मनापासून काम करणाऱ्या. परदेशी गिऱ्हाइकांना बायकांच्या तक्रारींची चौकशी झालेली दाखवावी लागायची आणि इथे तर बाई ओळीच्या चेकरविरुद्ध तक्रार करते आहे असं कागदावर होतं. भार्गवसाहेब सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "सर, आप बीच में मत पड़िए." मला सॉफ्टवेअर समजवायला म्हणून खोलीत बसवलं होतं. आणि मग त्यांनी दोघांना एकत्र आत बोलावलं.

त्या खोलीतल्यासारखा तमाशा मी पुन्हा बघितला नाही. मंजू आत आली आणि ओढणी ओढून भिंतीशी खाली बसली. खुर्चीवर बसेना, कारण जेठ उभा. रामकिशन तिच्याकडे पाठ करून खिडकीशी, बाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत. मिस कपूर म्हणाल्या, "मंजू, डरो मत. ये तुम्हें कुछ नहीं कर सकते." मंजू गप्प. "खुलकर बोलो, हम तुम्हारे साथ हैं." मंजू आणखी गप्प. मंजू घाबरली आहे असं बाईंना वाटत होतं आणि जितकी भीती दिसत होती तितका त्यांचा आवाज मऊ होत होता. रामकिशनची मान लाल झाली होती. एवढ्या वर्षांचा माणूस, गावात ज्याला बघून लोक बिडी लपवतात, त्याला आज भावजयीसमोर विचारत होते की तू हिला काय केलंस. मी मध्ये तोंड घातलं, म्हटलं, ही त्यांच्याकडची रीत आहे, तक्रार नव्हे. बाई मला म्हणाल्या, "आप लोगों ने ही तो कंप्लेंट डाली है." लिहिलेलं खरंच तसं होतं. बाई म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत रामकिशनने कामावर येऊ नये.

तेव्हा माझ्या साडीला खालून ओढ बसली. मंजू. मी वाकले. तिने ओढणीच्या आतून माझ्या कानात बोलायला सुरुवात केली आणि थांबेचना. मी ऐकायचं आणि मोठ्याने सांगायचं, असं सुरू झालं. जेठासमोर तिचा आवाज फुटू नये, पण माझा फुटला तर चालत होता.

"ती म्हणतेय," मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत गेले, "की घरात सगळे म्हणाले, बहू कारखान्यात जाणार नाही. सासू, सासरे, नवरासुद्धा. जेठजी एकटे म्हणाले, जाऊ दे. कारखान्यात वशिला त्यांनी लावला. मुलीला शाळेत रोज बस धरायच्या आधी तेच सायकलवर सोडतात. त्यांना घरी बसवलं, तर ती आत्ता इथून उठून जाते, शिलाई गेली खड्ड्यात." शेवटचं वाक्य मी जरा सौम्य करायला हवं होतं, पण तिने तसंच म्हटलं होतं.

रामकिशन अजून टाकीकडेच बघत होता. मग तो भार्गवसाहेबांना म्हणाला, "साब, मुझे पैकिंग में वापस डाल दो."

पॅकिंग म्हणजे बढती गेली. पगार खाली, टेबल गेलं, पुन्हा खोकी बांधायची. माझी साडी पुन्हा ओढली गेली, "नहीं, मैडमजी, इनको मना करो, नहीं." मी तेही सांगितलं. रामकिशन खिडकीलाच म्हणाला, "कह दो, मेरी नज़र कमज़ोर हो गई है. चेकिंग अब होती नहीं." त्याची नजर घारीसारखी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मिस कपूर हुशार होत्या म्हटलं ना. त्यांनी पेन बंद केलं आणि तक्रार मागे घेतल्याचं लिहून टाकलं. मी त्या दिवशी रामकिशनची बदली कॉम्प्युटरमध्ये भरली, कारण 'स्वतःची इच्छा'. ते एक कारण मात्र त्या सॉफ्टवेअरकडे होतं.

मंजूचा हात आठवड्याभरात पहिल्यासारखा झाला. त्यानंतर मी आमच्या कंपनीला कितीतरी वेळा लिहिलं, की नात्यांसाठी वेगळी सोय करा. उत्तर यायचं, की ही मागणी जगात दुसऱ्या कुणी केलेली नाही. बसप्रमाणे शिफ्ट लावणं मी बंद केलं. आधी जाऊन विचारायचे, कोण कोणाची काय लागते. लोक मला लग्न जमवणारी समजायला लागले आणि भार्गवसाहेब माझी ओळख तशी करून द्यायला लागले. ते सगळं हसण्यावारी जायचं. पण रामकिशनचं टेबल परत मिळवून देणं मला जमलं नाही. ते मला अजून खुपतं.

मंजू कायम झाली त्या दिवशी मी तिथे होते. कागद हातात घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मैडमजी, आप जाकर बता दो ना उनको."

"अगं, एकाच घरात राहता. एका बसने जाता. तूच सांग की, नवऱ्याकडून सांग."

"ये कहेंगे तो ऐसे ही कहेंगे. आप कहो तो ठीक से कहोगी."

मी पॅकिंगच्या शेडमध्ये गेले. रामकिशन जमिनीवर उकिडवा बसून खोक्याला पट्टी लावत होता. मी सांगितलं, मंजू कायम झाली, बहोत अच्छा काम करती है. त्याने मान हलवली. पट्टी लावून झाली तरी तो उठेना. मग समोरच्या ढिगातून त्याने एक कुर्ता ओढून काढला. शिवणाऱ्याच्या नंबराची बारीक चिठ्ठी अजून लागलेली होती. मंजूचा नंबर.

"जब चेकर था, इसके पीस कभी देखे नहीं," तो म्हणाला. "ऐसे ही आगे सरका देता था. गलती निकलती तो बोलता किससे?"

त्याने हात पँटला पुसले, कुर्ता उलटा केला आणि उजेडाकडे धरला. बाहीपासून खालपर्यंत शिवणीवरून अंगठा फिरवत गेला. एका जागी थांबला, नख लावून बघितलं, पुढे गेला. गळा, खांदे, दोन्ही कडा. चांगला वेळ लागला. मी खोक्यांवरची परदेशी नावं वाचत उभी राहिले.

"सिलाई सीधी है," तो शेवटी म्हणाला आणि कुर्त्याची घडी घालायला लागला. "कह देना."

मी परत शिलाईच्या शेडमध्ये आले. मंजू तोंड उघडं टाकून मशीन चालवत होती, शांतीशी काहीतरी खिदळत. मी वाकून तिला सांगितलं. मशीन थांबलं. जेठजी पार पलीकडच्या शेडमध्ये होते, मध्ये दोन भिंती होत्या. तरी मंजूने हळूच ओढणी हनुवटीपर्यंत खाली ओढून घेतली आणि बराच वेळ ती वर केली नाही.